संतपूरचा आउट आणि माझा सेफ

मी बेसबॉल सहा वर्षं खेळले आणि त्यातली चार वर्षं बाकावर बसून. आमच्या साताऱ्याच्या संघात मी सगळ्यात उपयोगाची होते, कारण बाकीच्यांच्या बाटल्या, रुमाल आणि चपला सांभाळायला कुणीतरी लागायचंच. बाकावर बसून बसून मला नियम पाठ झाले. मग कुणीतरी गुण लिहायला बसवलं, मग एकदा अंपायर आजारी पडला म्हणून मैदानात उभं केलं, आणि ज्या मैदानानं मला खेळाडू म्हणून हाकललं तिथं मी दुसऱ्यांना हाकलायला लागले. आज शाळेत खेळाची शिक्षिका आहे, आणि सुट्ट्यांमध्ये गावोगाव सामन्यांना अंपायर म्हणून जाते. माझा फोटो कुठल्याच पेपरात आला नाही, पण माझ्याबरोबरच्या स्टार खेळाडू कधीच घरी बसल्या आणि मी अजून मैदानात आहे.

हे सगळं मी एका शिबिरात मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. ते ऐकणारे मिलिंद सर औरादजवळच्या संतपूरचे. यंदा सोयाबीन निघाल्यावर त्यांचा फोन आला. "मॅडम, पाच दिवस या. खेळाडू लई हैत आमच्याकडं. मला बाकीचे तयार करायचेत."

"बाकीचे म्हणजे?"

"अंपायर, गुण लिहिणारे, मैदान आखणारे. जे तुमी हाव ते."

"बाकीचे" या शब्दानं जरा लागलं, पण मी तिकीट काढलं.

बिदर

बिदरच्या बसस्थानकावर औरादची गाडी लागली होती. माझ्याजवळ तोंडावरची जाळी, छातीचं कवच आणि पायाचे पॅड असलेली मोठी पिशवी होती. ती मी शेजारच्या सीटवर ठेवली आणि खिडकीतून किल्ल्याची भिंत दिसते का बघायला लागले. एवढ्यात डोक्यावरून आवाज आला.

"ही कोण हाय? पिशवी हाय का पाव्हणी?"

कंडक्टर बाई होत्या. पस्तिशीच्या, खाकी शर्ट साडीवर चढवलेला, नाकात चमकी. मी पिशवी मांडीवर घेतली. मग त्यांनी हात पुढं केला. "आधार."

मी कार्ड दिलं. त्यांनी ते पालथं-उलथं करून बघितलं आणि सगळ्या बसला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "महाराष्ट्र! ह्यांना तिकीट लागतंय. आमच्या कर्नाटकच्या बायांना फुकट हाय, तुमाला न्हाई." पुढच्या चार सीटांवरच्या बाया माझ्याकडं वळून बघायला लागल्या. सातारा सोडल्यापासून आपण परप्रांतात आलोय हे तोवर मला जाणवलं नव्हतं. भाषा सगळीकडं मराठीच, फक्त मध्येच कन्नड, मध्येच हिंदीसारखं काहीतरी. आता मात्र नीट जाणवलं.

जनवाड्याला दोन गृहस्थ एकाच सीटवर बसायला लागले. एकाचा रुमाल आधी पडला होता, दुसरा आधी बसला होता. आवाज चढले. कंडक्टर बाईंनी एका हातानं दांडा धरला आणि दुसरा हात वर केला.

"रुमाल खिडकीतून टाकलाव. खिडकीतून टाकलेला रुमाल चालत न्हाई. अण्णा, तुमी बसा. अप्पा, तुमी उभारा. झालं."

खरंच झालं. दोघांतल्या कुणीच पुन्हा तोंड उघडलं नाही. मी वीस वर्षं अंपायरगिरी करतेय, माझ्या निर्णयानंतर इतकी शांतता मी कधी ऐकली नाही. उतरताना मी म्हटलं, "तुम्ही अंपायर व्हायला पाहिजे."

"तेच व्हायलेय," त्या म्हणाल्या. "उद्यापासून. मिलिंद सरांच्या शिबिरात. पाच दिवस रजा टाकलेय. तुमी त्या साताऱ्याच्या का? मला वाटलं जरा उंच असताल."

त्यांचं नाव महादेवी. सगळे त्यांना अक्का म्हणायचे, मग मीही म्हणू लागले.

संतपूर

मिलिंद सरांच्या घरी सकाळी सुसला मिळाला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा उपमाच, पण वर शेंगदाण्याचं कूट आणि बाजूला मिरचीची भजी. साताऱ्यात भज्यातली मिरची शोभेपुरती असते. इथली मिरची मुख्य आणि बेसन शोभेपुरतं. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. सरांच्या बायको सुजाताताई सरकारी दवाखान्यात नर्स आहेत. त्यांनी शांतपणे माझ्यापुढं ताक ठेवलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडं पाव्हण्याला आधी मिर्ची, मग ताक. तवा पाव्हणा ताकाचं नाव काढतो."

मिलिंद सर स्वतः एकेकाळचे स्टार. त्यांचे वडील दुसऱ्यांच्या रानात राबले आणि पोराला शिकवलं. पोरगा राज्याच्या संघात पिचर, म्हणजे बॉल फेकणारा, झाला. "तीन वर्षं गावानं हार घातले," ते म्हणाले. "चौथ्या वर्षी खांदा गेला. बसस्थानकावर एकानं इचारलं, सर, तुमी कोण? मॅडम, संघात हिरो एकच असतो. उरलेल्यांनी काय घरी जायचं? आन हिरोचा खांदा गेला की त्यानं कुठं जायचं?" ते हसत सांगत होते, पण ताटातली भजी त्यांनी बराच वेळ उचलली नाही.

मैदान म्हणजे सोयाबीन काढलेलं रान. जमीन काळी, म्हणून पिचर उभा राहतो तो उंचवटा करायला बिदरकडची लाल माती ट्रॅक्टरनं आणली होती. बेस म्हणजे वाळू भरलेली सिमेंटची पोती. होम प्लेट कुठल्यातरी गाडीच्या रबरी चटईतून कापलेली. ज्यांनी बेसबॉल बघितलाच नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते: बॉल मारायचा, पळायचं, तीन बेसना पाय लावत परत मारलं तिथं यायचं. त्या जागेला होम प्लेट म्हणतात. घरी सुखरूप आलात तर एक रन. वाटेत किंवा दारात कुणी बॉल घेतलेला हात लावला तर आउट.

शिबिरात अकरा जण होते. गुण लिहायला नागनाथ अप्पा, निवृत्त पोस्टमास्तर. त्यांचं अक्षर इतकं सुरेख की प्रत्येक चूक सुद्धा फ्रेम करून लावावी. अंपायर व्हायला औषधाच्या दुकानाचे शिवराज आणि अक्का. मी पहिला धडा दिला तो पहिल्या बेसवरच्या निर्णयाचा. खेळाडूचा पाय आणि बॉल एकाच वेळी येतात. दोन डोळ्यांनी दोन्हीकडं बघता येत नाही. "म्हणून डोळे पायाकडं," मी ऐटीत म्हणाले, "आणि बॉल कानानं ऐकायचा. हातमोज्यात बॉल पडला की चाट असा आवाज होतो. आवाज आधी तर आउट, पाय आधी तर सेफ. आणि एक लक्षात ठेवा, दुसऱ्या अंपायरनं विचारल्याशिवाय त्याच्या निर्णयात तोंड घालायचं नाही."

अक्कांनी हे वहीत लिहून घेतलं. त्या सगळंच लिहून घ्यायच्या. मी शिंकले तेव्हा सुद्धा त्यांनी वहीकडं बघितलं.

त्यांचा आवाज शिकवावा लागलाच नाही. त्यांचा "स्ट्राइक!" ऐकून पलीकडच्या तुरीतून बगळे उडाले; बॉल प्लेटवरून नीट गेला आणि मारणाऱ्यानं सोडला की तो स्ट्राइक, बाहेरून गेला तर नाही. शिकवावं लागलं ते वाकणं. बॉल झेलायला बसलेल्या कॅचरच्या मागं गुडघ्यात वाकून उभं राहायचं म्हणजे पायांचं काम. "दिवसाला आठ फेऱ्या उभ्यानं करते," त्या म्हणाल्या, "पण बसच्या ड्रायव्हरनं कधी बॉल मारला न्हाई मला."

चौथ्या दिवशी मला कळलं की पाचव्या दिवशीचा सामना गंमतीचा नाही. औराद तालुका, म्हणजे संतपूरची पोरंही त्यातच, विरुद्ध बिदर; जिंकणारा संघ विभागाच्या स्पर्धेला कलबुर्गीला जाणार. मिलिंद सरांनी मला हे आधी सांगितलं नव्हतं. "सांगितलं असतं तर तुमी अक्काला प्लेटमागं उभं केलं नसतं," ते म्हणाले. बरोबर होतं. मी करणार नव्हते. पण सरांचा चेहरा बघून केलं.

दुसरी गोष्ट सामन्याच्या सकाळी कळली. शिवराज बेसवर उभे राहणार होते. त्यांनी आदल्या दिवशी पैज लावून सतरा भजी खाल्ली होती आणि आता स्वतःच्याच दुकानातली औषधं घेऊन पडले होते. त्यांच्या जागी मी. आणि तिसरी गोष्ट पहिल्या इनिंगला कळली. औरादचा स्टार पिचर प्रवीण, ज्याच्या नावानं शंभरेक माणसं ओरडत होती, तो अक्कांचा सख्खा दीर. म्हटलं, अक्का, हे सांगायचं नाही का? "कामून? तुमच्या पुस्तकात दीर हाय का?"

पुस्तकात खरंच दीर नव्हता.

सामना चांगला झाला. गावानं हलगी आणली होती. प्रवीण बॉल मारायला आला की ती कडाडायची, आणि नसला तरी कडाडायची. शेवटच्या इनिंगला बिदर चार, औराद तीन. दोन गडी आउट, प्रवीण दुसऱ्या बेसवर. मागच्या पोरानं बॉल उजवीकडं मारला आणि प्रवीण सुटला. तिसरा बेस ओलांडला, घराकडं आला. तिकडून फेक आली. धूळ उडाली, प्रवीण पोटावर घसरत आला, कॅचर त्याच्यावर पडला. मला लांबून त्याचा हात चटईवर दिसला. गावालाही तेवढाच दिसला.

अक्कांची मूठ वर गेली. "आउट!"

हलगी थांबली. पुढच्या क्षणी अक्कांभोवती पन्नास माणसं होती. मी धावत गेले. कुणी म्हणत होतं मोबाइलमध्ये बघा, कुणी म्हणत होतं बाईमाणसाला उभं केलंच कशाला. प्रवीण धुळीत गुडघ्यावर बसून वहिनीकडं बघत होता. मी अक्कांना विचारलं, "काय दिसलं?"

"हात लागला, पर नंतर. कॅचरचा मोजा आधी खांद्याला लागला. तुमी समदे हाताकडं बघायलाव, मी खांद्याकडं." त्यांचा आवाज स्थिर होता.

मला पटलं नव्हतं, खरं सांगते. पण ज्याच्या समोर घडलं त्याचाच निर्णय. मी मोठ्यानं म्हटलं, "निर्णय अंपायरचा. मोबाइल बघून खेळ होत नाही. सामना संपला." गर्दी पांगायला बराच वेळ लागला. एक म्हातारी मात्र हलली नाही. ती प्रवीणची आई, म्हणजे अक्कांची सासू. ती सुनेपाशी आली आणि म्हणाली, "घरी यायलेल्या लेकराला आउट म्हणतेस व्हय गं?" आणि पाठ फिरवून चालू लागली.

दुसऱ्या सकाळी

मिलिंद सरांनी शिकवण्यासाठी सामन्याचं चित्रण केलं होतं. सुसला खात आम्ही ते बघितलं: सर, सुजाताताई, नागनाथ अप्पा आणि मी. शेवटचा प्रसंग सरांनी थांबवून थांबवून तीनदा दाखवला. मोजा खांद्याला लागला होता, हात अजून वीतभर लांब होता. अक्का बरोबर होत्या. मी टाळी वाजवली आणि सुजाताताईंनी माझ्या ताटात आणखी एक मिरची वाढली.

मग अप्पा खाकरले. "सर, तिसरी इनिंग लावा जरा."

तिसऱ्या इनिंगला बिदरचा एक पोरगा पहिल्या बेसकडं पळाला होता. मी त्याला सेफ दिलं होतं. सरांनी लावलं. बॉल हातमोज्यात आला. मग पाय आला. सरांनी परत लावलं. बॉल. मग पाय. दोन्हींच्यामध्ये मी एक भजी खाल्ली असती. आणि पडद्याच्या कोपऱ्यात मी, दोन्ही हात पसरून, मोठ्या तोऱ्यात: सेफ! तोच पोरगा पुढं रन करून गेला होता. तोच चौथा रन.

चूक कशी झाली ते मला ताबडतोब कळलं. हलगी. माझे डोळे पायाकडं होते, कान बॉलकडं, आणि कानात फक्त हलगी. आवाज ऐकूच आला नाही, म्हणून मी अंदाज केला. वीस वर्षं अंपायरगिरी केलेली बाई, आणि अंदाज! अप्पांनी गुणवहीत माझा सेफ आपल्या सुरेख अक्षरात लिहिला होता. खाली बारीक अक्षरात, पेन्सिलनं, एक प्रश्नचिन्ह होतं.

"हे कुणाला माहीत नाही," मिलिंद सर म्हणाले. "मी चित्रण काढून टाकतो. तुमी दुपारच्या गाडीनं जायलाव. कशाला उगी?"

मोह झाला. खोटं कशाला बोलू. बॅग भरलेली होती, साताऱ्याला कुणी विचारणार नव्हतं. पण सुजाताताई पाणी ओतता ओतता सहज म्हणाल्या, "काल सांजपासून अक्काची सासू तिच्याशी बोलंना म्हणं. ताट पण येगळं ठेवली." मग मी मिरचीसकट ताट बाजूला सरकवलं आणि तिच्या घराची वाट विचारली.

अक्कांचं घर गावाच्या टोकाला. सासरे पूर्वी मेंढ्या राखायचे, आता चार एकर तूर आणि ज्वारी. अंगणात सासूबाई अंबाडीची भाजी निवडत बसल्या होत्या, प्रवीण खांद्याला तेल चोळत होता, अक्का ड्यूटीचा शर्ट चढवत होत्या. तिघंही तीन दिशांना तोंड करून.

मी उभ्यानंच सांगितलं. "मावशी, अक्काचा निर्णय बरोबर होता. चित्रणात दिसलं. चूक माझी होती, तिसऱ्या इनिंगला. मी बिदरच्या पोराला सेफ दिलं, तो आउट होता. मी चुकले नसते तर तुमचा संघ हरला नसता."

म्हातारीचे हात थांबले. प्रवीणचा तेलाचा हातही. फक्त अक्का बटणं लावत राहिल्या.

"मला तवाच दिसलं होतं," त्या म्हणाल्या.

"काय? मग बोलला का नाहीत?"

"तुमीच शिकवलं की. दुसऱ्या अंपायरनं इचारल्याबिगर तोंड घालायचं न्हाई." त्यांनी वही काढून दाखवली सुद्धा. "तुमी इचारलं न्हाई. आन ती हलगी बंद करायची व्हती. मी बसमधी कुणाचं गाणं चालू देत न्हाई, घंटी ऐकू येत न्हाई म्हणून."

सासूबाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "व्हय गं बाय, तुला कोण शिकविलं मग हे काम? इतक्या लांबून आलीस, आन समोरचा पाय दिसंना?"

"आत्या, त्यांना चष्मा लागलाय वाटतं," अक्का म्हणाल्या.

"मग घालावा की! घरी ठिवून आली का?"

काल सांजपासून एकमेकींशी न बोललेल्या सासू-सुना माझ्या डोळ्यांवर, माझ्या वयावर आणि साताऱ्यावर एकमतानं बोलू लागल्या. मी मान खाली घालून उभी राहिले आणि मनात म्हटलं, चालू द्या. शेवटी म्हातारीनं सुनेकडं न बघता सांगितलं, "तिला भाकर वाढ. तू पण खा. उपाशी जाऊ नको ड्यूटीला." अंबाडीची भाजी, पापडासारखी पातळ भाकरी, कच्चा कांदा. आमच्याकडं चूक कबूल केली की लोक गप्प होतात. इथं शिव्या देतात आणि वाढतात.

प्रवीण दारापर्यंत आला. "मॅडम, तुमी सांगितलं नसतं तर मी बसून ऱ्हायलो असतो रागात. वहिनीवर." मग खांदा फिरवून बघितला. "हा बी दुखायलाय. सरांना सांगितलं न्हाई अजून."

"सांग," मी म्हणाले. "त्यांना खांद्याचं माहीत आहे."

कलबुर्गी

घरी येऊन मी स्पर्धा घेणाऱ्या संघटनेला अहवाल लिहिला; कलबुर्गीला अंपायर म्हणून त्यांनी मलाही बोलावलं होतं. माझी चूक त्यात लिहिली, आणि ती कशी झाली तेही. उत्तर आलं: निकाल बदलता येत नाही. बिदरचा संघ कलबुर्गीला जाईल. मला मात्र या स्पर्धेपुरती विश्रांती. माझ्या जागी कुणी सुचवावं. वीस वर्षांत मला पहिल्यांदा कुणी बाकावर बसवलं होतं. सवय असल्यामुळं फार लागलं नाही. मी एका ओळीत नाव कळवलं.

आणि मग राहवलं नाही म्हणून गेले. कलबुर्गीला ऊन साताऱ्याच्या मे महिन्यासारखं, भाजक्या शेंगा मात्र उत्तम. मैदानाला तारेचं कुंपण, पलीकडं सिमेंटच्या पायऱ्या. तिथं प्रवीण भेटला. खांद्याला पट्टा. डॉक्टरनं सहा महिने फेकायचं नाही म्हणून सांगितलंय. तो सकाळी शाळेतल्या पोरींना पिचिंग शिकवतो. "शिकवताना कळायलंय, मी कसं फेकत होतो ते," तो म्हणाला. "आधी नुसतंच फेकत होतो."

प्लेटमागं अक्का. नवा निळा शर्ट, जाळी, कवच. पहिली इनिंग झाली, दुसरी झाली. आवाज आमच्यापर्यंत स्वच्छ येत होता. तिसऱ्या इनिंगला एका बॉलवर त्यांनी "स्ट्राइक" दिला आणि पायऱ्यांवरचे लोक खवळले. मलाही तो बाहेर वाटला.

"मॅडम, वरडा की," प्रवीण हळूच म्हणाला.

"तू ओरड."

"मला घरी जेवायचं असतंय."

मी आयुष्यात अंपायरवर कधी ओरडले नव्हते. लोक इतकं मन लावून का ओरडतात ते मला कधी कळलं नव्हतं. मी उभी राहिले, शेंगांची टरफलं मांडीवरून खाली पडली, आणि छातीभर श्वास घेऊन ओरडले, "अहो अंपायर, डोळे उघडा!"

काय सांगू, फार बरं वाटलं.

अक्कांनी दोन्ही हात वर करून खेळ थांबवला. जाळी काढली. सावकाश चालत कुंपणापर्यंत आल्या. सगळं मैदान आमच्याकडं बघत होतं. प्रवीण मन लावून एक शेंग सोलत होता.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "एकदा सांगायलेय. दुसऱ्या बारी भायर काढीन."

"हो," मी म्हणाले.

त्या परत गेल्या, जाळी चढवली, गुडघ्यात वाकल्या. चांगल्या वाकल्या. मी बसले. शेजारच्या गृहस्थांनी मोबाइलवर तो बॉल परत लावून मला दाखवला.

स्ट्राइकच होता.